मुक्या शिपायांचें ऋण

आपल्या जुन्या घरांतून वैश्वदेव आटोपल्यावर अन्नाचा एक भाग कुत्र्यासाठीं बाहेर नेऊन ठेवण्याची चाल असे. सोंवळ्याओंवळ्याच्या दृष्टीनें कुत्र्याला घरांत थारा नव्हता. ओसरीच्या पायरीवर त्यानें पाऊल टाकलें कीं त्याला हांकलून देण्यांत येई. परंतु गृहस्थाच्या अन्नांत त्याचाही वांटा आहे, ही गोष्ट मात्र शास्त्रकारांनीं मान्य केली होती. ज्याला आपण उंबरठ्याच्या आंत घेत नाहीं, त्याचेंही आपण कांहीं देणें लागतों, हा त्यांतील भाव मोठा मार्मिक आहे.

युरोप-अमेरिकेंत कुत्र्याचें स्थान याहून अगदीं निराळें. तेथें तो शेगडीपाशीं निजतो, मुलांशीं खेळतो आणि घरच्या माणसांपैकींच एक होऊन राहतो. विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत अशा घरांतून हजारों कुत्रे रणभूमीवर गेले. कित्येक तेथेंच मेले. कित्येक जिवंत राहिले, आणि युद्ध संपल्यावर त्यांचें काय करावयाचें हा प्रश्न माणसांपुढें उभा राहिला. या कुत्र्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी पुष्कळांनीं पुष्कळ वेळां सांगितल्या आहेत. त्या पराक्रमाची फेड माणसानें कशी केली, हा भाग मात्र सहसा सांगितला जात नाहीं. प्रस्तुत लेखांत या दोन्ही बाजू वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रेमाच्या ओढीनें धांवणारे जासूद

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, त्या वेळीं जर्मनीजवळ शिकवून तयार केलेल्या कुत्र्यांचें मोठें दल होतें. बेल्जमच्या सैन्यांत दणकट कुत्रे मशीनगनच्या लहान गाड्या ओढीत. इंग्लंडमध्यें मात्र या कामाकडे सरकारचें लक्ष नव्हतें. एडविन रिचर्ड्सन नांवाचे एक लष्करी अधिकारी युद्धापूर्वीं कित्येक वर्षें हौसेनें कुत्र्यांना हें शिक्षण देत होते. परंतु वरिष्ठांना त्यांचें म्हणणें पटावयास युद्धाचीं दोन-तीन वर्षें जावीं लागलीं. अखेर १९१७ सालीं टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेस येथें त्यांच्या देखरेखीखालीं युद्धश्वानांची शाळा निघाली. त्यांच्या पत्नीही या कामांत त्यांच्या बरोबरीनें राबत.

त्या युद्धांत निरोप पोंचविणें हें एक संकटच होऊन बसलें होतें. तोफांच्या माऱ्यानें टेलिफोनच्या तारा वारंवार तुटत. निरोप घेऊन धांवणारा शिपाई चिखलांतून, खड्ड्यांतून आणि गोळ्यांच्या वर्षावांतून जाई. पुष्कळदां तो पोंचतच नसे. कुत्रा त्याच्यापेक्षां किती तरी वेगानें धांवतो. अंगानें ठेंगणा असल्यामुळें नेम धरणारास तो सहज सांपडत नाहीं. आणि काळोख किंवा धुकें असलें तरी त्याची वाट सहसा चुकत नाहीं.

पण निरोप न्यावयाचा आहे, हें त्या मुक्या प्राण्याला समजवावयाचें कसें? रिचर्ड्सनसाहेबांची युक्ति साधी होती. एकेका शिपायाच्या स्वाधीन तीन-तीन कुत्रे करण्यांत येत. तोच त्यांना खाऊं घाली, तोच कुरवाळी, तोच फिरावयास नेई. पुढें रणांगणावर हा शिपाई पिछाडीच्या ठाण्यांत राही आणि कुत्र्यांना मात्र दुसरा कोणी तरी आघाडीच्या खंदकांत घेऊन जाई. निरोप पाठवावयाची वेळ आली म्हणजे कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकविलेल्या पत्र्याच्या नळींत कागद घालीत व त्याला मोकळें सोडीत. मग तो इकडेतिकडे न पाहतां थेट आपल्या माणसाकडे धूम ठोकी. आघाडीवरील शिपायांनीं या कुत्र्यांना गोंजारूं नये, तुकडा टाकूं नये, असा सक्त हुकूम असे. कारण जिव्हाळा वांटला गेला म्हणजे ओढ कमी व्हावयाची. मारून मुटकून शिकविलेला कुत्रा या कामास निरुपयोगी, असें रिचर्ड्सन यांचें ठाम मत होतें. शेपूट पाठीवर तोऱ्यानें वळवून मिरविणारा कुत्रा क्वचितच कामाचा निघतो, असाही त्यांचा एक गमतीचा अनुभव होता!

या शाळेंतील विद्यार्थी कोण होते? प्रथम आले ते लंडनमधील बॅटर्सी येथील व इतर शहरांतील अनाथ कुत्र्यांच्या आश्रमांतून. म्हणजे ज्यांना कोणी धनी उरला नव्हता असे. तेवढे पुरेनात, तेव्हां लोकांना आवाहन करण्यांत आलें आणि घरोघरचे कुत्रे येऊं लागले. त्यांच्याबरोबर आलेल्या पत्रांतील कांहींचा आशय रिचर्ड्सन यांनीं नमूद करून ठेविला आहे. पति आणि पुत्र रणांगणावर धाडून झाल्यावर आतां कुत्राही देत आहें, असें एका बाईनें कळविलें होतें. अशीं पत्रें वाचतांना युद्धाचा जबडा केवढा मोठा असतो याची कल्पना येते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. शिपाई राजासाठीं लढतो, देशासाठीं लढतो, निदान पगारासाठीं तरी लढतो. कुत्र्याला राजा ठाऊक नाहीं आणि राष्ट्रही ठाऊक नाहीं. शत्रु कोण आणि मित्र कोण, हें त्याला त्याचा माणूस सांगेल तेवढेंच कळतें. तोफांच्या भडिमारांतून तो धांवत आला तो विजयासाठीं नव्हे. पलीकडे त्याचें माणूस त्याची वाट पाहत होतें म्हणून. त्याच्या शौर्याचें मूळ प्रेमांत आहे, आणि म्हणूनच त्या शौर्याचा उपयोग करून घेणारावर येणारी जबाबदारी कांहीं निराळ्याच प्रकारची आहे.

जखमींचे सोबती

युद्धांतील सर्वच कामें मारण्याचीं नसतात. दोन्ही बाजूंच्या सैन्यांत जखमींना हुडकून काढणारे कुत्रे होते. लढाई थांबल्यावर काळोखांत, झुडपांत किंवा खड्ड्यांत पडून राहिलेला शिपाई माणसाला दिसत नाहीं. कुत्र्याच्या नाकाला मात्र तो सांपडतो. प्रारंभीं जखमी शिपायाची टोपी किंवा अंगावरची एखादी वस्तु तोंडांत धरून आणण्यास कुत्र्यांना शिकवीत. पण टोपी न मिळाली तर कुत्रा जखमेवरची पट्टीच ओढूं लागे! तेव्हां जर्मनांनीं एक सोपा उपाय काढला. कुत्र्याच्या गळ्यांत कातड्याचा एक लहानसा तुकडा लोंबत ठेवीत. जखमी मनुष्य सांपडला तर कुत्रा तो तुकडा तोंडांत धरून परत येई. न सांपडला तर तुकडा तसाच लोंबत राही. कुत्र्याच्या तोंडाकडे पाहतांच मालकाला काय तें कळे.

याच युद्धानें जगाला आणखी एक देणगी दिली. विषारी वायूनें आणि गोळ्यांनीं हजारों शिपायांची दृष्टि गेली होती. १९१६ सालीं गेर्हार्ट श्टालिंग या जर्मन डॉक्टरनें ओल्डेनबुर्ग येथें अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा उघडली. पुढें स्वित्झर्लंडमध्यें राहणाऱ्या डोरोथी यूस्टिस या अमेरिकन बाईंनीं १९२७ सालीं एका साप्ताहिकांत या जर्मन उपक्रमावर लेख लिहिला. तो लेख मॉरिस फ्रँक या अंध तरुणास वाचून दाखविण्यांत आला. तो स्वित्झर्लंडला जाऊन ‘बडी’ नांवाची कुत्री घेऊन परतला, आणि १९२९ सालीं अमेरिकेंत अशी पहिली संस्था निघाली. आज जगांत जेथें जेथें अंध मनुष्य कुत्र्याच्या सोबतीनें निर्धास्तपणें रस्ता ओलांडतो, तेथें तेथें त्या जखमी शिपायांची आठवण ठेवावयास हरकत नाहीं.

खानाची गोष्ट

दुसरें महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्यें सुरू झालें, तेव्हां लंडनच्या लोकांनीं आपल्या पाळीव जनावरांच्या बाबतींत एक भयंकर गोष्ट केली. बाँबवर्षावांत त्यांचे हाल होतील, त्यांना खाऊं घालणें कठीण होईल, या भीतीनें पहिल्या आठवड्याभरांतच सुमारें चार लाख कुत्रीं-मांजरें त्यांच्या मालकांनीं स्वतः होऊन मारविलीं, असा अंदाज आहे. त्या आठवड्यांत लंडनवर एकही बाँब पडला नव्हता. आणि दोन-तीन वर्षांतच त्याच देशाच्या युद्धखात्याला लोकांजवळ कुत्रे मागण्याची पाळी आली!

या हांकेस ओ देऊन जे कुत्रे आले, त्यांत ‘खान’ नांवाचा एक अल्सेशियन होता. सरे परगण्यांतील रेल्टन कुटुंबाचा तो लाडका. घरांतील लहान मुलाचा सवंगडी. १९४२ सालीं त्यांनीं तो सैन्याला उसना दिला. शिक्षण झाल्यावर तो कॅमेरोनियन पलटणींतील जिमी मुल्डून या लान्स-कॉर्पोरलच्या हवालीं झाला. नोव्हेंबर १९४४ मध्यें हॉलंडमधील वॉल्करेन बेटावर चढाई करतांना रात्रीच्या काळोखांत त्यांची होडी तोफेच्या माऱ्यांत सांपडली व सारे पाण्यांत पडले. खान पोहत चिखलाच्या कांठाला लागला. परंतु त्याचा माणूस तेथें नव्हता. मुल्डूनला धड पोहतां येत नव्हतें. तो बुडत होता. गोळ्यांच्या आणि किंकाळ्यांच्या त्या कल्लोळांत खानानें त्याचा आवाज ओळखला, पुन्हा पाण्यांत उडी घेतली, त्याच्या डगल्याची कॉलर दांतांत धरली आणि त्याला ओढीत कांठावर आणलें.

या कृत्याबद्दल मार्च १९४५ मध्यें खानाला ‘डिकिन पदक’ देण्यांत आलें. जनावरांसाठीं मोफत दवाखाने काढणाऱ्या मारिया डिकिन या बाईंनीं १९४३ सालीं हें पदक सुरू केलें. १९४९ पर्यंत तें चौपन्न प्राण्यांना मिळालें : बत्तीस कबुतरें, अठरा कुत्रे, तीन घोडे आणि एक मांजर.

पण खानाच्या गोष्टीचा खरा भाग पदकानंतरचा आहे. युद्ध संपलें आणि ठरल्याप्रमाणें तो रेल्टन यांच्या घरीं परत गेला. मुल्डूननें, खान मला द्यावा, अशी विनंति पत्रानें केली. ती मान्य झाली नाहीं. यांत रेल्टन मंडळींना दोष देतां येत नाहीं. कुत्रा त्यांचा होता; देशावर संकट आलें तेव्हां त्यांनीं तो दिला होता; आणि घरांतला मुलगा त्याची वाट पाहत होता. १९४७ सालीं लंडनमध्यें कुत्र्यांचा एक मोठा मेळावा भरला. युद्धांत कामगिरी केलेल्या कुत्र्यांच्या मिरवणुकींत खानाला मुल्डूननें चालवावें, असें ठरलें. त्या गर्दींत खानाला आपल्या जुन्या सोबत्याचा वास लागतांच तो साखळी हिसडून धांवला आणि त्याच्या अंगावर झेपावला. तें दृश्य पाहिल्यावर रेल्टन यांनीं जें केलें तें पदकाहून मोठें आहे. कुत्रा कोणाचा, या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं कुत्र्यालाच देऊं दिलें, आणि खान मुल्डूनबरोबर स्कॉटलंडला गेला.

दिलेला आणि परत घेतलेला मान

अमेरिकेंतही १९४२ पासून लोकांनीं आपले कुत्रे सैन्याला दिले. न्यूयॉर्क राज्यांतील एका कुटुंबाचा ‘चिप्स’ त्यांतलाच. जुलै १९४३ मध्यें सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरतांना शत्रूच्या एका लपविलेल्या मोर्च्यांतून मशीनगन सुरू झाली. चिप्स साखळी तोडून एकटाच त्या मोर्च्यांत घुसला. आंतून आरडाओरडा ऐकूं आला, तोफेचा आवाज बंद पडला आणि चार शिपाई हात वर करून बाहेर आले. चिप्सच्या डोक्याला जखम झाली होती. त्याला माणसांना मिळणारीं मोठीं शौर्यपदकें देण्यांत आलीं. परंतु कुत्र्याला पदक देणें हा माणसांचा अपमान होय, अशी तक्रार झाली. आणि तीं पदकें परत घेण्यांत आलीं! चिप्सला अर्थात् दोन्ही गोष्टींचा पत्ता नव्हता. डिसेंबर १९४५ मध्यें तो आपल्या घरीं पोंचला आणि पुढच्या वर्षीं वारला. जानेवारी २०१८ मध्यें लंडन येथें त्याला मरणोत्तर डिकिन पदक देण्यांत आलें.

मानापमान हा माणसांचा खेळ आहे. त्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट त्याच देशाच्या नाविक पायदळांत घडली. पॅसिफिक महासागरांतील बेटांवर या दलाच्या कुत्र्यांनीं दडून बसलेला शत्रु हुडकून काढण्याचें काम केलें. १९४४ सालीं ग्वाम बेटावर त्यांतील पंचवीस कुत्रे कामास आले. त्यांच्या नांवांचें स्मारक आज तेथें उभें आहे. युद्ध संपल्यावर, हिंसेची संवय लागलेले हे कुत्रे मारून टाकावे, असा विचार पुढें आला. त्यांच्याबरोबर लढलेले पशुवैद्य विल्यम पटनी यांनीं त्यास कसून विरोध केला. जें शिकविलें तें विसरावयासही शिकवितां येईल, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि तें खरें ठरलें. सुमारें साडेपांचशें कुत्र्यांपैकीं केवळ स्वभावामुळें घरीं पाठवितां आले नाहींत असे निघाले अवघे चार. बाकीचे बहुतेक सारे पुन्हा माणसांच्या घरांत गेले व मुलांबाळांत रमले.

विश्वासाचा घात

आतां चित्राची काळी बाजू पाहूं. १९४१ सालीं जर्मन रणगाडे रशियांत घुसले, तेव्हां सोव्हिएट सेनेनें कुत्र्यांचा एक भीषण उपयोग केला. त्यांना उपाशी ठेवून रणगाड्याखालीं अन्न ठेवीत, म्हणजे रणगाडा दिसला कीं त्याच्याखालीं शिरावयाची त्यांना संवय लागे. मग पाठीवर स्फोटकें बांधून त्यांना शत्रूच्या रणगाड्यांवर सोडीत. प्रत्यक्ष रणांगणावर पुष्कळ कुत्रे आगीला व आवाजाला भिऊन परत फिरले आणि आपल्याच माणसांच्या खंदकांत उड्या मारूं लागले; तेव्हां त्यांच्याच शिपायांना त्यांच्यावर गोळ्या झाडाव्या लागल्या. त्याच सेनेंतील दुसऱ्या कुत्र्यांनीं जखमींच्या घसरगाड्या ओढल्या, सुरुंग हुडकून हजारोंचे प्राण वांचविले, हेंही सांगितलें पाहिजे. देशाच्या जीवनमरणाचा प्रसंग होता, असें समर्थन यावर करण्यांत येतें. तें समर्थन बाजूला ठेवलें तरी, संकटांत आपल्या माणसाकडे धांव घेणें हा कुत्र्याचा जो सर्वांत मोठा गुण, तोच येथें त्याच्या मृत्यूला कारण झाला, ही गोष्ट मनाला डांचल्याशिवाय राहत नाहीं.

यापुढची गोष्ट तर जीवनमरणाच्या प्रसंगाचीही नव्हे. व्हिएटनामच्या युद्धांत अमेरिकन सैन्याजवळ सुमारें चार हजार कुत्रे होते. दाट जंगलांत दबा धरून बसलेल्या शत्रूची चाहूल आधीं त्यांनाच लागे. १९७० नंतरच्या काळांत सैन्य परत फिरलें, तेव्हां कुत्र्यांची गणना तंबू-भांड्यांप्रमाणें लष्करी सामानांत होत होती. आणि नेणें परवडत नाहीं तें सामान मागें टाकावयाचें असतें. परत आलेले कुत्रे दोनशेंच्या आसपास. बाकीच्यांपैकीं कित्येकांना मारण्यांत आलें, कित्येक दक्षिण व्हिएटनामच्या सैन्याच्या हवालीं झाले. ज्या तरुण शिपायांनीं त्यांच्याबरोबर रात्रीं काढल्या होत्या, त्यांना आपला सोबती सोडून विमानांत चढावें लागलें. त्यांतील अनेकांच्या मनाची ती जखम म्हातारपणापर्यंत बुजली नाहीं.

या शिपायांचीं गाऱ्हाणीं अगदींच वायां गेलीं नाहींत. नोव्हेंबर २००० मध्यें अमेरिकेंत कायदा होऊन लष्करांतून निवृत्त झालेले कुत्रे त्यांच्या सांभाळणारांना व इतर नागरिकांना देण्याची मोकळीक झाली. ‘रॉबी’ नांवाच्या ज्या कुत्र्यामुळें हा प्रश्न धसास लागला, त्याला मात्र कायद्याचा लाभ झाला नाहीं. फार थकल्यामुळें जानेवारी २००१ मध्यें त्याला मरण देण्यांत आलें.

आपल्याकडील स्थिति

दुसऱ्यांचे दोष सांगतांना आपल्या घराकडे डोळेझांक करणें बरें नव्हे. भारतीय सेनेच्या कुत्र्यांना मीरत येथें शिक्षण दिलें जातें. सीमेवर सुरुंग व स्फोटकें हुडकणें, बर्फाखालीं गाडलेल्यांचा शोध घेणें, दडून बसलेल्या अतिरेक्यांचा माग काढणें, हीं त्यांचीं कामें. २०१६ सालीं, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर, ते दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनांत पुन्हा दिसले. त्याच सुमारास मुधोळच्या हाउंड जातीचीं पिल्लेंही मीरतला शिक्षणासाठीं नेण्यांत आलीं. मुधोळ हें घोरपडे घराण्याचें मराठी संस्थान; तेथील मालोजीराव राजांनीं या काटक, लांब पायांच्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली व एक जोडी विलायतेस बादशहा पंचम जॉर्ज यांना नजर केली, हें जुन्या वाचकांस ठाऊक असेल.

ऑगस्ट २०१५ मध्यें काश्मीरच्या सीमेवर ‘मानसी’ ही लॅब्रॅडॉर कुत्री आणि तिला सांभाळणारा जवान हे दोघेही एकाच चकमकींत पडले. लष्करी खलित्यांत मरणोत्तर गौरवपूर्ण उल्लेख होण्याचा मान कुत्र्यांमध्यें प्रथम तिला मिळाला. २०२२ च्या जुलैंत ‘अ‍ॅक्सेल’ आणि ऑक्टोबरांत ‘झूम’ हे दोन कुत्रे असेच कामास आले. झूमला दोन गोळ्या लागल्या होत्या, तरी त्यानें काम सोडलें नाहीं.

परंतु याच सेनेंत कामास निरुपयोगी झालेल्या कुत्र्यांना मरण देण्याची पद्धत वर्षानुवर्षें चालू होती. २०१५ सालीं माहितीच्या अधिकारांतून ही गोष्ट लोकांपुढें आली, दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलें आणि सरकारला आपलें धोरण बदलावें लागलें. त्यानंतर मीरत येथें अशा कुत्र्यांच्या उतारवयाची सोय करण्यांत आली आणि इच्छा असणाऱ्या नागरिकांना ते पाळावयास मिळूं लागले. ही सुधारणा उशिरा झाली. पण झाली, याचें समाधान मानलें पाहिजे.

महाप्रस्थानाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. हिमालय चढतांना एकेक सोबती गळून पडला आणि शेवटीं धर्मराजाच्या मागें राहिला तो एक कुत्रा. आपण कोठें चाललों आहों, स्वर्ग म्हणजे काय, यांपैकीं त्याला कांहींच माहीत नव्हतें. तो आपला त्या माणसाच्या मागें चालत होता. स्वर्गाच्या दाराशीं इंद्रानें प्रश्न विचारला तो कुत्र्याला नव्हे, धर्मराजाला. युद्धांत ज्यांना आपण बरोबर नेलें, त्या मुक्या सोबत्यांच्या बाबतींत परीक्षा नेहमीं अशीच असते. कुत्रे आपलें काम करून चुकलेले असतात. उरतें तें आपलें. घरांतून गेलेला कुत्रा ज्यांनीं घरीं परत आणला, ज्यांनीं त्याला लढणें विसरावयास शिकविलें, आणि रेल्टन यांच्यासारख्या ज्या गृहस्थांनीं आपला हक्क सोडून त्याच्या मनासारखें होऊं दिलें, त्यांनीं तें काम केलें. जुन्या गृहस्थानें रोज अंगणाबाहेर ठेविलेला तो घांस उपकार म्हणून ठेविलेला नव्हता. तो देणें म्हणून ठेविलेला होता, आणि तो ठेविल्यावांचून गृहस्थ स्वतः जेवावयास बसत नसे.